चेंडू एक, मारणारे दोन

मी गोल्फ खेळते असं सांगितलं की सोलापुरात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठं?" प्रश्न रास्त आहे. अक्कलकोट रोडची एमआयडीसी संपली की पुढे एक उघडा माळ लागतो. काही डॉक्टर, काही कारखानदार आणि काही निवृत्त साहेब यांनी मिळून तिथे नऊ होल खणले, एक पत्र्याची शेड टाकली आणि त्याला क्लब म्हणायला सुरुवात केली. पावसाळ्यात थोडं गवत उगवतं, ते दिवाळीपर्यंत शेळ्या फस्त करतात. उरलेलं वर्ष मुरूम, खडी आणि बाभळी.

टीव्हीवर होलच्या भोवती जे हिरवं गवत दिसतं ते आमच्याकडे जगत नाही. नळाला पाणी कधी येईल याची माणसंच वाट बघत बसतात, तिथे गवताला कोण पाजणार? म्हणून आमच्याकडे होलभोवती तेल चोळलेली वाळू असते. गाडीचं जळकं ऑइल वाळूत मिसळलं की वाळू उडत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ घरंगळतो. फक्त तिच्यावर पायांचे ठसे उमटतात. त्यामुळे चेंडू होलमध्ये ढकलण्याआधी चेंडूपासून होलपर्यंत एक फडकं ओढायचं आणि वाट सपाट करायची, हा आमचा नियम. फडकं म्हणजे आमच्याच घरच्या चादरी-टॉवेलच्या युनिटमधली डाग पडलेली चादर, लाकडी पट्टीला खिळ्यांनी ठोकलेली. आपलं झालं की मागून येणाऱ्यासाठीही एकदा ओढून ठेवायचं. हे शेवटचं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण माणूस असेल तो ओढतो.

मी या खेळात आले ती मिस्टरांच्या साखरेमुळे. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं, त्यांच्या भावाने त्यांना माळावर नेलं, आणि एकट्याला कंटाळा येईल म्हणून मला बरोबर धाडलं. मिस्टर थोडे दिवस आले. मग त्यांना गुडघा आठवला, मग ऊन आठवलं, मग रविवारची इडली आठवली. मी मात्र जात राहिले. आठवडाभर युनिटमध्ये टॉवेलच्या गाठी बांधून घ्यायच्या, ट्रकवाल्यांशी भांडायचं, घरी सासूबाईंची पथ्यं सांभाळायची. रविवारी सकाळी पंजाबी ड्रेस, बूट आणि टोपी घालून मी त्या माळावर चेंडू मारायची. माझा चेंडू लांब जात नाही, पण जातो तो सरळ. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या मिस्टरांचे धाकटे भाऊ म्हणजे आमच्या क्लबचे हिरो. दिसायला उंच, खांदे पैलवानासारखे, आणि चेंडू मारला की आपण नुसतं आभाळाकडे बघत राहायचं. एकेकट्याच्या सगळ्या स्पर्धा तेच जिंकतात. आमच्या दिवाणखान्यात त्यांच्या कपांचं कपाट आहे आणि त्यावरची धूळ मी पुसते. माणूस वाईट नाही. सणाला बहिणींना न विसरता साड्या घेतो, कामगारांच्या लग्नाला जातो. पण आपला चेंडू होलमध्ये गेला की पाठ फिरवून चालू लागतो. मागच्यासाठी चादर ओढताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. बाकीचे ओढत, आणि वर कौतुकही करत.

दर हिवाळ्यात आमची पुण्याच्या एका क्लबशी मॅच असते. एक वर्ष आम्ही तिकडे, एक वर्ष ते इकडे. दोन्हीकडून तीन-तीन जोड्या. जोडीला मिळून चेंडू एकच, आणि तो आळीपाळीने मारायचा. एकाने जिथे नेऊन टाकला तिथून दुसऱ्याने. कमी फटक्यांत चेंडू आत घालणाऱ्या जोडीचा तो होल, आणि ज्या जोडीने जास्त होल जिंकले तिला एक गुण. बस्स, इतकं साधं आहे. आणि इतक्या साध्या गोष्टीत आमचे हिरो दरवर्षी हरत होते.

कुणी तसं म्हणत नसे. म्हणायचे, जोडीदार कमी पडला. एका वर्षी डोळ्यांचे डॉक्टर कमी पडले, एका वर्षी सूतवाले शेठ. दोघांनीही पुन्हा त्यांच्याबरोबर खेळायला साफ नकार दिला. कारण दीर जोडीदाराच्या फटक्यानंतर कपाळाला हात लावत, सुस्कारा टाकत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "असू दे, असू दे" म्हणत. ते "असू दे" शिवीपेक्षा वाईट लागायचं. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात पुण्याला जायचं ठरलं तेव्हा आमचे कप्तान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा तुम्ही टीममध्ये. दिरांबरोबर." क्लबच्या टीममध्ये आजवर बाई नव्हती. मला इतका आनंद झाला की मला का घेतलं हे विचारायचं मी विसरले.

पहिला फटका दिरांनी मागून घेतला, कारण पहिल्या होलला फोटो काढतात. नियमाप्रमाणे मग एक आड एक होलची सुरुवात माझ्याकडे आली. गाडीत त्यांनी मला सांगून ठेवलं, "वहिनी, तुम्ही फक्त माझं ऐकायचं. मी सांगतो तसं मारा."

मी ऐकलं. पुण्याच्या त्या मैदानावर पाय ठेवला, तर जिकडे बघावं तिकडे गवत आणि त्यावर पाण्याचे फवारे. आमच्या टीममधले एक सांगोल्याचे डाळिंबवाले, टँकरच्या पाण्यावर बाग जगवलेले. ते त्या फवाऱ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हितं गवताला पानी पाजत्यात व्हय? आन् आमी झाडांची लेकरावानी मिनतवारी करतोय." पुण्याचे लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दिरांचा पहिला फटका फोटोत फार छान आला आहे. चेंडू मात्र झाडीत गेला. लांब गेला होता हे खरं, सगळ्यांच्या पुढे गेला होता, पण झाडीत होता, आणि तिथून मारायचा होता मी. दिरांच्या हातात जोर आहे, ते असल्या झुडपातूनही चेंडू उपटून काढतात. माझ्या मनगटात तो जोर नाही. "मारा की हितनं सरळ," ते म्हणाले. मी मारला. चेंडू हातभर सरकला. "असू दे, असू दे." पुढचे कितीतरी होल हेच. ते लांब मारायचे आणि मी त्यांच्या लांबीची किंमत मोजायची. मी दोनदा म्हणाले, "भावजी, थोडा कमी मारा, पण मला मारता येईल असा ठेवा." ते माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी त्यांना टॉवेल आखूड विणायला सांगितलंय.

तरीही आम्ही टिकून होतो, कारण समोरची जोडीही धन्य होती. मग आली माझी टॉवेलची गोष्ट.

एका होलला आमचा चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर पोचला. होल समोर, अंतर थोडं, आणि फटका माझा. मी वाकून बघितलं तर वाटेवर सगळं दव. इतक्या वर्षांची सवय. हात कमरेला गेला, खोचलेला टॉवेल निघाला, आणि मी चेंडूपासून होलपर्यंत तो नीट ओढत गेले. गवतावर स्वच्छ काळसर पट्टा उमटला. समाधानाने मागे वळले तर चारही बाजूंनी माणसं पुतळ्यासारखी उभी. समोरच्या जोडीतले गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, सॉरी. दव पुसता येत नाही. हा होल आमचा."

मला नियम माहीत नव्हता. आमच्या वाळूवर दवाचा प्रश्न कधी आलाच नव्हता. आमच्याकडे न ओढणं हा गुन्हा, तिकडे ओढणं हा गुन्हा. मी चूक मान्य केली आणि टॉवेल परत खोचला. दीर तोवर मोठ्याने बोलत सुटले होते. "अहो वहिनी, ही काय फरशी आहे का पुसायला?" पुण्याचे दोघं कानकोंडे होऊन बुटांकडे बघत होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो राग पुढच्या काही फटक्यांना फार उपयोगी पडला. गेलेला होल आम्ही परत काढला.

शेवटच्या होलला आलो तेव्हा बाकीच्या दोन जोड्यांचं झालं होतं. एक आमची जिंकली, एक हरली. आमच्यावर सगळं, आणि आम्ही बरोबरीत. या होलची सुरुवात माझी होती. मी नेहमीसारखा मारला, मध्यम आणि सरळ. पुढे एक तळं, तळ्याच्या पलीकडे ग्रीन. मी म्हणाले, "भावजी, तळ्याच्या अलीकडे ठेवा. पलीकडे मी टाकते. मला तेवढं जमतं."

"एवढ्या लांब आलो ते अलीकडे ठेवायला का ओ?" ते म्हणाले. लोक बघत होते. त्यांनी अंग झोकून मारला. फटका देखणा होता. चेंडू तळ्याच्या मधोमध पडला.

दिरांनी टोपी काढली आणि हात पुढे करून समोरच्या जोडीकडे निघाले. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"संपलं की. सोडून देऊ."

"माझा फटका आहे," मी म्हणाले. "तो मारल्याशिवाय काही संपत नाही."

एका फटक्याचा दंड घेतला, दुसरा चेंडू ठेवला आणि मारला. तो तळ्यावरून गेला आणि होलपासून चार पावलांवर थांबला. टाळ्या वाजल्या, पुणेकरांनीही वाजवल्या. आता दिरांनी तो नुसता आत ढकलायचा होता. ढकलला असता तर समोरच्यांना घाम फुटला असता. पण त्यांचं लक्षच उडालं होतं. त्यांनी चेंडूकडे पाहिल्यासारखं केलं आणि लोटला. तो होलच्या बाजूने निघून गेला. आम्ही हरलो.

परतताना टेंभुर्णीला चहासाठी थांबलो. कप्तान बशीत चहा ओतत म्हणाले, "वहिनी, तो टॉवेल जरा महागात पडला बघा." सगळे हसले. मी म्हणाले, "आणि तळं?" ते कुणाला ऐकू आलं नाही. दीर शेजारीच होते. "तळं माझं होतं," एवढं त्यांनी म्हणायला हवं होतं. ते भजी खात राहिले. मॅच हरल्याचं मला आज काही वाटत नाही, पण ती भजी मी विसरलेले नाही.

पुढचं वर्षभर क्लबमध्ये मी टॉवेलवाली झाले. कुणीतरी गंमत म्हणून माझ्या पिशवीला फडकं बांधून ठेवायचं. ग्रुपवर पावसाचा फोटो आला की खाली कुणीतरी लिहायचं, वहिनींना बोलवा. घरी सासूबाईही म्हणाल्या, "त्याच्या खेळात तू कशाला पडलीस?" त्याचा खेळ! मी त्यांना म्हणाले, "आई, तो चेंडू दोघांचा होता." त्यांनी मला औषधाची बाटली आणायला सांगितली.

मी खेळ सोडला नाही. उलट एक रविवार चुकवला नाही. आणि नियमांचं पुस्तक आणून दवापासून चिखलापर्यंत सगळं वाचून काढलं.

मग गेल्या हिवाळ्यात पुणेकर आमच्याकडे यायचे होते. रविवारी शेडसमोर लिंबाखाली खुर्च्या टाकून कप्तानांनी टीम वाचली. मी राखीवमध्ये होते. मी उठले आणि विचारलं, "का?"

"तसं काही नाही वहिनी. मागच्या वेळचं ते जरा..."

"मागच्या वेळी मी एक होल घालवला. मोजून एक. शेवटच्या होलला चेंडू तळ्यात कुणी घातला, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं नाव तुम्ही पहिलं वाचलंत."

दीर मोबाइल बघत होते. कप्तान घाईने पुढे वळले. "बरं, जोड्या लावून घेऊ. यांच्याबरोबर कोण?" आणि त्यांनी दिरांकडे हात केला.

ते दृश्य मला आयुष्यभर पुरेल. सूतवाल्या शेठना कंबर आठवली. डोळ्यांच्या डॉक्टरांचं त्या दिवशी नेमकं ऑपरेशन निघालं. एकजण बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला. क्लबमधला सगळ्यात चांगला खेळाडू मधोमध बसला होता आणि त्याच्या शेजारी कुणाला उभं राहायचं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरात मी त्यांना कॉलेजात जाताना डबा करून दिला आहे.

मग अपेक्षेप्रमाणे कप्तान माझ्याकडे वळले. आवाज एकदम गोड. "वहिनी, मग तुम्हीच या की टीममध्ये. घरातलं माणूस आहे. सांभाळून घ्या."

"सांभाळायला मी घरी आहे," मी म्हणाले. "इथे मी खेळायला येते."

सांगोल्याचे डाळिंबवाले मागच्या खुर्चीवरून उठले. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. "वैनी, माज्याबर खेळा की. माजा चेंडू लांब जात न्हाय, तुमचा बी जात न्हाय. बोलत बोलत जाऊ."

मी म्हणाले, "व्हय." माझ्या तोंडून ते त्यांच्यासारखंच निघालं. कप्तानांना ते लिहून घ्यावं लागलं, कारण टीममध्ये यायला तेच मला आत्ता म्हणाले होते आणि पन्नास कानांनी ते ऐकलं होतं.

सभा मोडल्यावर दीर माझ्या गाडीपाशी आले. घरात आमची बोली कन्नड. क्लबमध्ये ते ती कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले, अगदी हळू, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. "अत्तिगे," म्हणजे वहिनी, "माझ्याबरोबर खेळाल का?" मी घरात आले त्या दिवसापासून त्यांनी मला चहा मागितला, चाव्या मागितल्या, भावाची समजूत काढून मागितली. विचारलं असं काही नव्हतं. हा पहिला प्रश्न.

"नाही," मी म्हणाले, आणि मराठीत म्हणाले, सगळ्यांना कळेल असं. "तुमचा खेळ माझ्यापेक्षा दसपट चांगला आहे, भावजी. पण तुमच्यामागून कुणीतरी मारणार आहे, हे तुम्हाला दिसत नाही. ते दिसायला लागलं की या."

त्यांना जोडीदार मिळाला नाही. हिरो राखीव बसले. घरी थोडे दिवस माझ्या हातचं वाढलेलं त्यांनी खाल्लं नाही, जावेच्या हातचं खाल्लं. मिस्टर म्हणाले, "एवढं ताणायचं का?" मी म्हणाले, "ज्यांनी ताणलंय त्यांना विचारा." सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, औषध मात्र माझ्याकडूनच घेत राहिल्या.

मॅच झाली. आम्ही टीम म्हणून हरलो. पहिल्या दोन्ही जोड्या हरल्या. आमची जिंकली. डाळिंबवाले प्रत्येक फटक्याआधी थांबून विचारायचे, "वैनी, कुटं ठिऊ? हितं का तितं?" मी दाखवायची आणि ते बरोबर तिथेच ठेवायचे. मीही त्यांना विचारायची. पुण्याचे लांब मारणारे गडी बाभळीत काटे काढत होते आणि आम्ही दोघं म्हाताऱ्यांसारखे हळूहळू, डाळिंबाच्या तेल्या रोगावर बोलत, होलपाशी पोचत होतो. दीर शेडच्या सावलीत उभे राहून सगळं बघत होते. शेवटपर्यंत बघत होते, ते मी पाहिलं.

क्लबमध्ये अजूनही लोक म्हणतात की त्या दिवशी हिरो खेळले असते तर मॅच आपली होती. एखादी जोडी जास्त जिंकली असती, एक गुण फिरला असता. वहिनींच्या हट्टामुळे गेली. माझ्या तोंडावर म्हणतात. मी नाही म्हणत नाही. गेली असेल माझ्या हट्टामुळे. हल्ली रविवारी दीर बरोबरच्या माणसाला विचारतात, "कुठं ठेवू?" विचारतात आणि मग त्यांना हवा तिथेच मारतात. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला पुन्हा विचारलं आणि मारणं असंच राहिलं, तर मी पुन्हा नाही म्हणणार आहे, टीम हरली तरी. त्या दिवशी माळाच्या दोन फेऱ्यांत, अठरा होलांत एकदाही मला झाडीत शिरावं लागलं नाही. प्रत्येक वेळी मी पुढे गेले, आणि चेंडू मला मारता येईल अशा जागी, उघड्यावर, माझी वाट बघत पडलेला होता.